भंगारातून अभ्यासिकेत

चिरनेरहून उरणकडे निघा की पनवेलकडे, रस्त्यात कंटेनर लादलेले ट्रेलर भेटल्याशिवाय राहत नाहीत. न्हावाशेव्याचे बंदर 1989 साली सुरू झाले आणि तेव्हापासून या पट्ट्यात यार्ड, गोदामे आणि त्यांची ऑफिसे वाढत गेली. प्रत्येक ऑफिसात दहा-वीस संगणक असतातच. काही वर्षांनी ते बदलले जातात. जुने कुठे जातात, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. मग एका दुपारी ओळखीच्या भंगारवाल्या चाचांचा टेम्पो आमच्या दारापुढेच पंक्चर झाला आणि ताडपत्रीखाली सीपीयूंची चवड दिसली.

"चालू आहेत का हे, चाचा?"

"ते मी नाही बघत बेटा. मी वजन बघतो."

त्यातले चार आम्ही त्याच भावाने, म्हणजे किलोच्या भावाने, उतरवून घेतले. पुढच्या काही महिन्यांत आणखी आले. काही चाचांकडून, काही ओळखीच्यांच्या ऑफिसांतून. विंडोज 10 ची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली आणि विंडोज 11 जुन्या प्रोसेसरांना घेतच नाही. त्यामुळे अगदी धडधाकट यंत्रेही भंगारात निघू लागली. आज भाताची पोती ठेवायच्या आमच्या जुन्या खोलीत सात संगणक चालतात. सातांपैकी एकातही हार्ड डिस्क नाही. हे कसे, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. बऱ्याच वाचकांच्या मोहल्ल्यात अशी एखादी खोली आणि अशी चार यंत्रे धूळ खात पडलेली असतील, असा आमचा अंदाज आहे.

आम्ही म्हणजे कोणी संस्था नाही. एक निवृत्त शिक्षक, एक वायरमन, बी.एस्सी.ला असलेली एक मुलगी आणि चहा करून देणारे बाकीचे. खोलीची गरज मात्र खरी होती. बारावीनंतरचे प्रवेश, महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज, सीईटीचे हॉलतिकीट, सगळे ऑनलाइन. घरात एक मोबाईल असतो आणि तो अब्बांबरोबर कामावर जातो. रात्री अब्बा परत आले की मुलगी त्या सहा इंची पडद्यावर अर्ज भरते. फोटो किती केबीचा, सही किती केबीची, उत्पन्नाचा दाखला पीडीएफमध्ये. मध्येच फोन वाजला की पान पहिल्यापासून. सायबर कॅफे आहेत, पण ते बाजारात. संध्याकाळी तिथे मुलींना एकटे पाठवायला घरचे तयार नसतात, आणि रोज कोणी सोबत जाऊ शकत नाही. अर्ज न भरल्यामुळे शिष्यवृत्ती हुकलेल्या मुली आम्ही आमच्याच नात्यात पाहिल्या आहेत. नवे सात संगणक घेण्याची आमची ऐपत नव्हती. जुने सात प्रत्येकी वेगळे दुरुस्त करत बसणे त्याहून महाग पडले असते.

इथे थिन क्लायंटची कल्पना कामी आली. दावतीच्या दिवशी प्रत्येक घरात चूल पेटत नाही. देग एकाच ठिकाणी चढते आणि ताटे सगळीकडे जातात. तसेच इथे. एक बऱ्यापैकी ताकदीचा संगणक मधोमध ठेवायचा, त्याला सर्व्हर म्हणतात. लिनक्स त्याच्यावर बसवायचे, सगळे प्रोग्राम त्याच्यावर, मुलांच्या फायलीही त्याच्यावरच. बाकीची जुनी यंत्रे लॅन केबलने त्याला जोडायची. त्यांचे काम इतकेच की पडदा दाखवायचा आणि कीबोर्ड-माऊस जे सांगतील ते पोचवायचे.

हार्ड डिस्क नसलेला सीपीयू सुरू कसा होतो, हे आम्हालाही आधी जादूसारखे वाटले होते. जादू काही नाही. बायोसमध्ये जाऊन आधी नेटवर्ककडे बघ असे त्याला सांगून ठेवावे लागते. बटण दाबले की त्याचे नेटवर्क कार्ड केबलवरून हाक मारते, मी इथे आहे, मला पत्ता द्या आणि काय चालवायचे ते सांगा. पत्ता इंटरनेटच्या राउटरकडून मिळतो आणि काय चालवायचे ते सर्व्हर सांगतो. मग लिनक्सचा गाभा, त्यामागून बाकीची व्यवस्था केबलवरून येते आणि मिनिट-दीड मिनिटात नाव व पासवर्ड विचारणारी चौकट उघडते. मुलगी आज या खुर्चीवर बसली आणि उद्या त्या, तरी तिच्या फायली तिलाच दिसतात, कारण त्या खुर्चीपाशी नसतातच.

हे सगळे जुळवून देणारा प्रकल्प आहे एलटीएसपी, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट. अमेरिकेतील जिम मॅक्विलन यांनी तो 1999 साली सुरू केला. 2019 साली तो जवळजवळ नव्याने लिहिला गेला, आणि त्यात ग्रीसमधल्या शाळांसाठी काम करणाऱ्यांचा मोठा हात होता. तेव्हा एक बदल झाला, तो नीट समजून घ्यावा, कारण आमची पहिली फसगत तिथेच झाली. पूर्वी पुष्कळदा सगळे काम सर्व्हरवर होई. नव्या पद्धतीत प्रोग्राम सर्व्हरवरून येतात, पण चालतात समोरच्या यंत्राच्या प्रोसेसरवर आणि त्याच्याच रॅममध्ये. म्हणजे देगीतून शिजलेले अन्न न येता शिधा येतो आणि शिजवायचे ज्याचे त्याने. दोन-चार जीबी रॅम असलेल्या कोअर टू ड्युओला हे उत्तम जमते, आणि सर्व्हरवर ताणही येत नाही. पण एक जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या यंत्राला आजचा ब्राउझर पेलवत नाही. त्याच्यासाठी जुनीच पद्धत बरी. त्याने फक्त पडदा व्हायचे आणि काम सर्व्हरवर. त्यासाठी एक्स-टू-गो नावाचा प्रोग्राम मिळतो.

हे आधी कोणी केले नव्हते असे मुळीच नाही. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गोव्यात गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने परदेशातून आलेले वापरलेले संगणक शाळांना दिले आणि अशाच लिनक्स जाळ्याचा वापर केला. केरळात तर सरकारी आणि अनुदानित हायस्कुलांमध्ये माहिती तंत्रज्ञान हा विषय वर्षानुवर्षे ग्नू-लिनक्सवरच शिकवला जातो. आपल्या रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत 2007 साली प्रत्येक मुलाला एकेक छोटा लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला होता. ओएलपीसी या जगभर गाजलेल्या योजनेचे ते भारतातले पहिले ठिकाण, आणि त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपांतही लिनक्सच होते. पद्धत वेगळी होती, एकेका मुलाला एकेक यंत्र. मोहल्ल्यातल्या एका खोलीला ते परवडणारे नाही.

आता आमची खोली. सर्व्हर म्हणून चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह मिळाला, तोही एका ऑफिसाने काढलेला. त्याची रॅम सोळा जीबी केली आणि नवीन एसएसडी बसवली. पैसे खर्च करायचे असतील तर ते इथेच करावेत, कारण सर्व्हर बसला की सातही बसतात. क्लायंट म्हणून चार कोअर टू ड्युओ, दोन पेन्टियम ड्युअल कोअर आणि एक पेन्टियम फोर. हा शेवटचा आम्ही सोडूनच देणार होतो. त्याची कथा पुढे येते.

यंत्रे उघडल्यावर पहिला दिवस सफाईतच गेला. रंग काढायचा रुंद ब्रश आणि ब्लोअर. एका एसएमपीएसमध्ये वाळलेली पाल निघाली, दुसऱ्यात उंदराने कुरतडलेली वायर. रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी दात साध्या खोडरबराने घासले की निम्मी 'मेलेली' यंत्रे बोलू लागतात. हे लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही कारागिराला ठाऊक असते, आम्ही उगाच घाबरत होतो. बायोसचा बिल्ल्याएवढा सेल सगळ्यांचाच संपलेला होता. तो न बदलल्यास यंत्र दर वेळी घड्याळ आणि नेटवर्कची सूचना दोन्ही विसरते. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली, तीही नवी लावली. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले तर मात्र त्या यंत्राच्या नादी लागू नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक हार्ड डिस्क सहज लावून पाहिली. आत कुणाच्या तरी घरच्या लग्नाचे फोटो होते. पगाराच्या याद्या, आधारकार्डांच्या प्रती, कुणाच्या बायकोच्या बाळंतपणाच्या सुट्टीचा अर्ज. डिस्क ताबडतोब काढली. ज्यांनी यंत्र विकले त्यांना वाटले असेल, आपण फॉरमॅट केले आहे. झटपट फॉरमॅट केल्याने फायली जात नाहीत. नावांची यादी तेवढी पुसली जाते आणि फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने त्या परत काढता येतात. भंगारात आलेली ही दुसऱ्याची अमानत होती आणि तिच्याकडे आम्ही तसेच पाहिले. सगळ्या डिस्का लिनक्सच्या सर्व्हरला लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यांनी भरून टाकल्या. 160 जीबीच्या डिस्कला तासभर लागतो. मग त्या यंत्रांत परत बसवल्या नाहीत. क्लायंटला डिस्क लागतच नाही, आणि डिस्क नसली की वीज थोडी वाचते, आवाज कमी होतो, व्हायरसलाही राहायला जागा उरत नाही. वाचकांनी स्वतःचा जुना संगणक किंवा लॅपटॉप विकताना एवढे एक काम जरूर करावे. घरातल्या बायकामुलांचे फोटो कुठल्या टेम्पोतून कुठे जातील, सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न सॉफ्टवेअरचा. आलेल्या बहुतेक यंत्रांत विंडोज होते, पण परवाना कुणाचाच धड नव्हता. बाजारात जुळवून मिळणाऱ्या संगणकात क्रॅक केलेले विंडोज आणि ऑफिस भरून देण्याची पद्धत इतकी रुळली आहे की त्याला कोणी चोरी म्हणत नाही. आमच्यातही वाद झाला. एक म्हणाले, कंपनी श्रीमंत आहे, मुले गरीब आहेत, त्यात काय एवढे? पण मकतबमध्ये सकाळी मुलांना हलाल कमाईचे सबक द्यायचे आणि संध्याकाळी त्याच मुलांना दुसऱ्याच्या मेहनतीवर डल्ला मारलेल्या यंत्रापुढे बसवायचे, हे आम्हाला पटेना. लिनक्सचा रस्ता इथे सरळ आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि 1991 साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. वापरा, प्रत काढा, बदला, दुसऱ्याला द्या, अशी परवानगी त्या परवान्यातच लिहिलेली आहे. फुकट आहे म्हणून ते निवडले असे लोकांना वाटते. खरे तर इजाजत आहे, म्हणून निवडले.

आम्ही डेबियन 12 घेतले आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. हे निवडण्याचे एक कारण म्हणजे जुनी 32 बिटांची यंत्रे. डेबियन 13 आता अशा यंत्रांवर नव्याने बसत नाही. उबुंटूने तर ती केव्हाच सोडली. म्हणून पेन्टियम फोरसाठी डेबियन 12 ची 32 बिटांची वेगळी इमेज सर्व्हरवर ठेवली आहे. ज्यांच्याकडची सगळी यंत्रे कोअर टू ड्युओ किंवा पुढची आहेत, त्यांना या भानगडीत पडायची गरज नाही.

पहिल्या दिवशी फजिती झाली. मुलांना मगरिबनंतर बोलावले होते, मावश्या-खालाही कौतुकाने आल्या होत्या. एक यंत्र सुरू केले, छान सुरू झाले. दुसरे झाले. पाच एकदम सुरू केली आणि सगळी मध्येच अडकली. निळसर पडदा आणि फिरणारे चाक. एका खालांनी, "कनेक्शन भाड्याचे आहे का?" असे विचारले, त्यावर काय बोलावे ते सुचले नाही. दोष स्विचचा निघाला. घरात पडलेला जुना स्विच आम्ही वापरला होता, तो शंभर मेगाबिटचा. जुन्या यंत्रांची कार्डेही बहुतेक शंभराचीच, त्यात काही बिघडत नाही. पण सर्व्हरकडे जाणारी केबलही शंभराचीच राहिली तर पाच जणांना मिळून एका वेळी सेकंदाला जेमतेम बारा मेगाबाइट वाट मिळते. अरुंद गल्लीतून पाच वराती निघाल्यासारखे ते झाले. गिगाबिटचा आठ पोर्टचा स्विच आणला, हजार-दीड हजारांची वस्तू. सर्व्हरचे कार्ड गिगाबिटचे होतेच. दुसऱ्या संध्याकाळी सातही यंत्रे एकदम उघडली. खाला मात्र त्या दिवशी आल्या नव्हत्या.

केबल आमच्या वायरमन भावाने ओढली. विजेची वायर आणि लॅनची केबल एकाच पट्टीतून न्यायची नाही, हा त्याचा हट्ट बरोबर होता. प्लग आम्हीच क्रिम्प करायला शिकलो. टोकातल्या आठ तारांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच ठेवायचा. मुलींनी हा क्रम पहाड्यासारखा पाठ केला आणि आता प्लग त्याच लावतात. आमच्यापेक्षा त्यांचे प्लग कमी बिघडतात. वायफायवर हे जमत नाही, ते आधीच सांगून ठेवतो. यंत्राला सुरुवातीची हाक केबलवरूनच मारावी लागते.

पाऊस हा आमचा खरा शत्रू. जूनच्या एका रात्री वीज कडाडली आणि तो नवा स्विच गेला. यंत्रे बंद होती, पण प्लग भिंतीतच होते. तेव्हापासून रात्री खोली बंद करताना मेन स्विच पाडायचा आणि बाहेरून येणारी इंटरनेटची वायरही काढून ठेवायची. अर्थिंग तपासून घेतले, ते मुळी नव्हतेच. जुन्या घरांत हे सर्रास असते. वायरमन बोलावून आधी अर्थिंग करून घ्या, लोखंडी सीपीयूला लहान मुलांचे हात लागणार असतात. दमट हवेत यंत्रे महिनाभर बंद ठेवली तर बुरशी धरतात. रोज थोडा वेळ चालू राहिली तर उबेनेच कोरडी राहतात.

आता पेन्टियम फोर. त्याला आम्ही कोपऱ्यात बसवले होते, गर्दी झाली तरच वापरायचे म्हणून. यूपीएस एकच, आणि तो सर्व्हर, स्विच व राउटरला लावलेला. बाकीची यंत्रे वीज गेली की विझतात. शिष्यवृत्तीच्या शेवटच्या दिवसांत एका संध्याकाळी सात जणी अर्ज भरत होत्या आणि वीज गेली. दहा मिनिटांनी आली. सहा जणींचे अर्धे भरलेले पान गेले, कारण त्यांचा ब्राउझर त्यांच्याच यंत्रात चालत होता. कोपऱ्यातल्या सातवीने नाव आणि पासवर्ड टाकला आणि तिचे पान जसेच्या तसे समोर आले, कर्सरसुद्धा त्याच चौकटीत. तिचे काम सर्व्हरवर चालले होते आणि सर्व्हर यूपीएसवर जागा होता. सगळ्यात जुने, सगळ्यात दुबळे यंत्र त्या दिवशी सगळ्यांत भरवशाचे ठरले. बाकीच्या सहा जणींनी रात्री अकरापर्यंत बसून अर्ज पुन्हा भरले. त्यांच्या घरी निरोप पाठवला, दोघींचे भाऊ न्यायला आले आणि दारातच बसून राहिले. त्यानंतर आम्ही आणखी दोन यंत्रे तशी केली. सातही केली असती, पण सर्व्हरची रॅम पुरत नाही. प्रत्येक ब्राउझर बरीच रॅम खातो. आता नियम असा की महत्त्वाचा अर्ज असेल त्याने त्या तीन खुर्च्यांवर बसायचे.

अभ्यासासाठी काय ठेवले, हेही विचारले जाते. बालभारतीची पुस्तके पीडीएफमध्ये मोफत मिळतात, मराठी माध्यमाची आणि उर्दू माध्यमाचीही. ती सर्व्हरवर उतरवून ठेवली आहेत, इंटरनेट नसले तरी उघडतात. किविक्सच्या साहाय्याने मराठी विकिपीडियाही तशीच ठेवता येते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे छोटे धडे मराठीत आहेत, लिब्रे ऑफिस शिकायला तेवढे पुरे. लहानांसाठी जीकॉम्प्रिस आणि टक्स पेंट आहेत. उर्दूसाठी नोटो नस्तालिक हा फॉन्ट टाकला. लिब्रे ऑफिसमध्ये उजवीकडून डावीकडे नीट लिहिता येते. एका मौलानासाहेबांच्या इनपेजमधल्या जुन्या फायली मात्र उघडल्या नाहीत. तेच मराठीत कृतिदेवचे. जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि त्यात जोडाक्षरे हमखास बिघडतात.

जे होत नाही तेही सांगायला हवे. एमएस-सीआयटीचा सराव विंडोज आणि एमएस ऑफिसवर होतो. त्याला ही खोली पर्याय नाही. कल्पना पक्क्या होतात, बटणे तिथे जाऊन शिकावी लागतात. टॅली चालत नाही म्हणून कॉमर्सची मुले नाराज आहेत. यूट्यूबचे वर्ग कोअर टू ड्युओवर 480 च्या दर्जापर्यंत ठीक दिसतात, त्यापुढे अडखळतात. आणि जुन्या यंत्रांचे वीजबिल नव्यापेक्षा जास्त येते, हे कोणी सांगत नाही. एलसीडी मॉनिटर धरून आमची सात यंत्रे आणि सर्व्हर मिळून साधारण पाऊण किलोवॅट घेतात. रोज चार तास म्हणजे तीन युनिट. दिवसभर चालणारे केंद्र काढायचे असेल तर हिशेब बदलतो. तिथे कमी वीज खाणारी छोटी नवी यंत्रेच काही वर्षांत स्वस्त पडतील. जुने टीव्हीसारखे मॉनिटर तर घेऊच नयेत. एकेक सत्तर-ऐंशी वॅट खातो आणि त्याच्या काचेत शिसे असते.

मुलांवर लक्ष कसे ठेवता, हा आयांचा पहिला प्रश्न असतो. सगळे पडदे दाराकडे तोंड करून आहेत, हा पहिला उपाय, आणि बहुतेक काम त्यानेच होते. एपॉप्टिस नावाच्या प्रोग्रामने सर्व्हरवरून सातही पडदे छोट्या चौकटींत दिसतात. मात्र तसे दिसतात, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितले आहे आणि भिंतीवर लिहिलेही आहे. लपून पाहणे आम्हाला मंजूर नाही. असरनंतर मगरिबपर्यंत मुली, आणि खोलीत एक आपा असतातच. इशानंतर मुले. शेजारच्या आगरी आणि कातकरी वाडीतली मुलेही येतात. शुक्रवारी दुपारी बंद.

जे संगणक खरेच मेलेले निघाले त्यांचे काय करायचे, यावरही बोलले पाहिजे. फेकून देणे हा इसराफ असला तरी घरात अडगळ रचून ठेवण्यात काही सवाब नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि हा कचरा नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवा. प्रत्यक्षात तो दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत जातो, आणि तिथे वायर जाळून तांबे काढणारे, तेजाबात बोर्ड बुडवणारे हात पुष्कळदा आपल्याच गरीब भावाबहिणींचे असतात. त्या धुरात मुले वाढतात. चाचांना आम्ही हे सांगितले. ते म्हणाले, "मी जाळत नाही बेटा, पण पुढचा काय करतो ते मला माहीत नाही." आता निरुपयोगी बोर्ड आणि डिस्का आम्ही वेगळ्या पोत्यात ठेवतो. पोते भरले की ऑफिसांचा ई-कचरा उचलणाऱ्या नोंदणीकृत गाडीत टाकतो. दोनदा झाले आहे.

ज्यांना सुरू करायचे आहे त्यांनी सातांपासून सुरुवात करू नये. एक बरा संगणक, एक जुना आणि मध्ये एक केबल, एवढ्यावर आठवडाभर खेळून पाहावे. राउटर पत्ते देत असेल तर सर्व्हरलाही ते काम देऊ नये. दोघांनी पत्ते वाटले की गोंधळ होतो, आणि एलटीएसपीला राउटरशी जुळवून घेता येते. सर्व्हरचा पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवू नये. आमच्या वायरमन भावाला कामासाठी दोन महिने बाहेरगावी जावे लागले, तेव्हा एका बिघाडासाठी खोली नऊ दिवस बंद होती. आता पासवर्ड तिघांकडे आहे, त्यातली एक ती बी.एस्सी.ची मुलगी. तिने दर जुम्याला मुलांच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढायची. ही डिस्क त्या पहिल्या चार सीपीयूंपैकीच एकातली, शून्यांनी भरून साफ केलेली.

परवा चाचा पुन्हा येऊन गेले. ताडपत्रीखाली सहा होते, सगळे सहाव्या पिढीचे, आमच्या सर्व्हरपेक्षाही नवे. भाव तोच, किलोचा. दोन उतरवून घेतले आहेत. एक सर्व्हरच्या जागी जाईल आणि रॅम पुरली तर उरलेल्या चार खुर्च्याही पेन्टियम फोरसारख्या करता येतील.